गुलाबी, एकशे सत्तेचाळीस

परवा हिवाळ्याचा कोट धुवायला काढला, खिसे चाचपले तर आतून रॅफलची, म्हणजे इथल्या सोडतीची, एकवीस तिकिटं निघाली. गुलाबी, हिरवी, पिवळी, निळी, काही अजून पट्टीतच, काहींचा पार लगदा झालेला. शिवाय चाळीस पेन्स आणि बडीशेपेची एक पुडी, जी निपाणीहून आलीय एवढंच खात्रीने सांगता येईल, कधी आली ते विचारू नका. नवरा म्हणाला, जुगाराचा नाद लागलाय का तुला? म्हटलं हो लागलाय, इथं आल्यापासूनच लागलाय, आणि आजवरची कमाई म्हणजे तीन साबण, एक शॉर्टब्रेडचा डबा आणि ती अंघोळीच्या मिठाची बाटली.

त्या बाटलीचं नंतर सांगते.

आम्ही राहतो त्या गावाचं नाव नाइटन. स्पेलिंगमधला पहिला के गिळायचा. वेल्समधलं, पोविस कौंटीतलं, वस्ती साधारण तीन हजार. सगळं गाव चढावर, मधोमध १८७२ सालचा घड्याळाचा मनोरा, आणि तिथून 'द नॅरोज' नावाची एक अरुंद गल्ली वर जाते ती इतकी उभी आहे की भाजीची पिशवी घेऊन वर पोचलं की पहिली दोन मिनिटं कुणाशी बोलता येत नाही, नुसती मान हलवायची. नवऱ्याला इकडं काम मिळालं म्हणून २०१८ ला आलो. पुण्याच्या बहिणीला अजून वाटतं मी लंडनजवळ कुठंतरी राहते. इथली काही म्हातारी माणसं लंडनला आयुष्यात एकदाच गेलीत, आणि पार्किंग मिळालं नाही एवढंच त्यांच्या लक्षात आहे.

तर रॅफल. आपल्याकडे कार्यक्रम म्हटला की दीपप्रज्वलन, तसं इथं रॅफल. चर्चमध्ये कॉफी मॉर्निंग, रॅफल. शाळेला खेळाचं सामान हवंय, रॅफल. बागकाम मंडळाचं व्याख्यान आहे, विषय गोगलगाई, शेवटी रॅफल. क्विझ नाइट, व्हिस्ट ड्राइव्ह (म्हणजे पत्त्यांचा डाव, मोटारीचा काही संबंध नाही, मी पहिल्यांदा गाडीची किल्ली घेऊन गेले होते), ख्रिसमसचं गाणंबजावणं, हॉलच्या छपराची दुरुस्ती, सगळीकडे रॅफल. अंत्यविधीनंतरच्या चहाला तेवढी नसते. वेल्श भाषेत रॅफलला काय म्हणतात ते मी मुद्दाम विचारलं. रॅफलच म्हणतात, स्पेलिंगमधला शेवटचा ई तेवढा काढून टाकतात.

पद्धत अशी. दारात एक टेबल, टेबलामागे एक आजी, आजींपुढे तिकिटांचं चोपडं. एक पौंडाला एक पट्टी, पट्टीत पाच तिकिटं. प्रत्येक नंबर दोनदा छापलेला, एक तुकडा तुम्हाला, दुसरा घडी घालून आइस्क्रीमच्या रिकाम्या डब्यात. (त्या डब्यात आइस्क्रीम कधीच नसतं हे आपल्याला वेगळं सांगायला नको, आमच्या लहानपणी श्रीखंडाच्या डब्यात कधी श्रीखंड निघालंय?) शेजारी दुसऱ्या टेबलावर बक्षिसं मांडलेली असतात. पुढं वाइनची बाटली, मग चॉकलेटचा बॉक्स, कुणीतरी घरच्या कोंबड्यांची डझनभर अंडी आणलेली, एक कुंडी, मार्मलेडची बरणी, आणि मागं, भिंतीला टेकून, सेलोफेनमध्ये गुंडाळलेले अंघोळीचे सेट. ज्याचा नंबर आधी निघेल त्याने पहिली उचल करायची. वाइन पहिल्या मिनिटात जाते. अंडी वाइनच्या पाठोपाठ. शेवटी नंबर लागला की तुम्ही टेबलापाशी जाता तेव्हा तिथं फक्त टॅल्कम पावडर आणि तुम्ही.

आणि एक नियम, जो कुठंही लिहिलेला नाही. दुसऱ्यांदा तुमचा नंबर निघाला तर घ्यायचं नाही. हात वर करून म्हणायचं, माझं झालंय, परत काढा. मी पहिल्या वर्षी दोनदा जिंकले आणि दोन्ही वेळा उड्या मारत पुढं गेले. कुणी काही बोललं नाही. इथं कुणीच काही बोलत नाही, फक्त हॉलमधली हवा किंचित गार होते. घरी आल्यावर शेजारच्या काकूंनी, तेही तीन आठवड्यांनी आणि हवामानाबद्दल बोलता बोलता, मला तो नियम समजावून सांगितला.

त्या पहिल्याच वर्षी मला ती बाटली लागली. लव्हेंडरचं मीठ, जांभळी रिबीन, बुडाला जुन्या किंमतीचं लेबल अर्धवट खरवडलेलं. आमच्या घरात बाथटब नाही, शॉवर आहे. मग काय करणार, शाळेच्या रॅफलला देऊन टाकली. चार महिन्यांनी क्विझ नाइटला गेले तर टेबलावर तीच बाटली, तीच रिबीन, तेच खरवडलेलं लेबल. मला एकदम घरी आल्यासारखं वाटलं. कारण हे मला माहीत होतं! हे तर आमचं ब्लाउजपीस! संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत निपाणीत हळदीकुंकवाला जे ब्लाउजपीस फिरायचे, त्यातला एक मोरपंखी, सोनेरी ठिपक्यांचा, आईनं सलग तीन वर्षं तीन वेगळ्या घरांतून ओटीत आणला होता. तो शिवायचा नाहीच ही सगळ्यांना माहीत असलेली गोष्ट. शिवायला घेतला असता तर गल्लीतली सगळी साखळी तुटली असती. ती लव्हेंडरची बाटली कुणी फोडून टबात ओतली तर इथलंही काहीतरी असंच तुटेल असं मला वाटतं, म्हणून मी तिच्याकडे जरा आदरानेच बघते.

आता निपाणीचा विषय निघालाच आहे तर. मी सीमाभागातली. बॉर्डर म्हणजे काय ते मला कुणी शिकवू नये. १९५६ ला राज्यांची फेरआखणी झाली आणि निपाणी, बेळगाव तिकडं गेले, तेव्हापासून घरात मराठी आणि एसटी स्टँडवर कन्नड पाटी, दवाखान्याचं काही मोठं निघालं की कोल्हापूर, आणि सरकारी कागद निघाला की बेळगाव. माझी आजी म्हणायची, आपण कुठं गेलो नाही, रेष इकडून तिकडं गेली. तर असल्या गावातली पोरगी साता समुद्रापार आली, आणि कुठं येऊन पडली? पुन्हा बॉर्डरवर.

कारण नाइटन वेल्समध्ये आहे पण नाइटनचं रेल्वे स्टेशन इंग्लंडमध्ये आहे. मधे नदी. नदीचं नाव टीम. खरंच, टीम. गावातून उतार उतरून गेलं, पूल ओलांडला की श्रॉपशायर, म्हणजे दुसरा देश, आणि तिथं फलाटावर उभं राहून स्वान्सीकडच्या गाडीची वाट बघायची. दिवसाला गाड्या हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या. चुकली तर पुढची येईपर्यंत घरी येऊन, कुकर लावून, जेवून, भांडी घासून परत जाता येतं, मी केलंय.

गावाचं वेल्श नाव ट्रेव्ह-अ-क्लाउद, म्हणजे बांधावरचं गाव. बांध म्हणजे ऑफाचा. आठव्या शतकात मर्सिया या जुन्या इंग्लिश राज्याचा राजा ऑफा याने वेल्श लोकांच्या हद्दीला धरून मातीचा मैलोन्मैल बांध घातला, शेजारी खंदक, त्यातला एक तुकडा आमच्या गावातून जातो. हल्लीची सरहद्द त्याच्यावरून जात नाही, ती आपली नदीला धरून गेलीय. म्हणजे आजी म्हणायची तेच, रेष सरकली. लोक आता बांधावर कुत्री फिरवतात.

आणि पाट्या! सगळ्या दोन भाषांत, वेल्श आणि इंग्लिश. आमच्या भागात वेल्श बोलणारं माणूस शोधावं लागतं, पण पाटी आहेच. निपाणीकराला यात नवल ते काय, उलट पाटीवरची भाषा आणि तोंडातली भाषा एकच असली की मलाच चुकल्यासारखं वाटतं. रस्त्यावर पांढऱ्या अक्षरांत जागोजागी 'हळू' लिहिलेलं असतं, वेल्शमध्ये त्याचा उच्चार होतो आरव. माझ्या भाच्याचं नाव आरव. मी त्याला फोटो काढून पाठवला, बघ रे बाळा, तुझ्या नावाचे रस्ते. तो म्हणाला, मावशी, याचा अर्थ काय? सांगितल्यावर आठवडाभर बोलला नाही.

रोजच्या व्यवहारात बॉर्डर कशी लागते तर दाताखाली खडा लागावा तशी. औषधाची चिठ्ठी वेल्समध्ये २००७ पासून फुकट, पुलापलीकडे एकेका औषधाला जवळजवळ दहा पौंड. दुकानातल्या पिशवीला आमच्याकडे २०११ मध्येच पैसे पडायला लागले, इंग्लंडात २०१५ ला, मधली चार वर्षं म्हणे लोक पलीकडून पिशव्या आणून साठवत, आणि त्यातल्या काही अजून रॅफलच्या बक्षिसांना वापरात आहेत. २०२३ च्या सप्टेंबरात वेल्सने वस्तीतल्या रस्त्यांना ताशी वीस मैलांची वेगमर्यादा घातली, तेव्हा तर पूल ओलांडला की माणसांचे चेहरे बदलायचे. आणि पोविसमध्ये मोठं जिल्हा हॉस्पिटलच नाही, त्यामुळे बाळंतपणाला बहुधा जायचं ते हेरफर्डला किंवा टेलफर्डला, म्हणजे इंग्लंडात. रग्बीच्या दिवशी लाल जर्सी घालून पबमध्ये इंग्लंडच्या नावाने शंख करणाऱ्या निम्म्या पोरांच्या जन्मदाखल्यावर इंग्लंड आहे. त्यांना हे सांगायचं नाही. मी एकदा सांगितलं.

कोविडमध्ये मात्र कमाल झाली. २३ ऑक्टोबर २०२० ला वेल्सने सतरा दिवस कडक बंद केला, तेव्हा इंग्लंड उघडं. तो ९ नोव्हेंबरला संपला तोवर इंग्लंडने ५ नोव्हेंबरपासून आपला बंद सुरू केला होता. म्हणजे आधी आम्ही आत आणि ते बाहेर, मग आम्ही बाहेर आणि ते आत, मधे ती टीम नदी, गुडघाभर पाणी, तीवर बदकं दोन्हीकडे जातायत. काही महिन्यांनी मी भावाला फोनवर हे सांगत होते, तर तो म्हणतो, अगं आमच्या राज्यहद्दीवरच्या कोगनोळी नाक्यावर बघ काय चाललंय, रिपोर्ट दाखवल्याशिवाय सोडत नाहीत, मामा कागलला अडकलेत. आम्ही दोघं पोट धरून हसलो. हसण्यासारखं काही नव्हतं खरं तर, मामा खरंच अडकले होते. त्या हिवाळ्यात गावात एकही रॅफल झाली नाही. हॉलच्या काचेला जुनी पत्रकं तशीच, ऊन खाऊन निळी पडलेली.

गावाचं कॅलेंडर तसं सोपं आहे, मेंढ्या सांगतील तसं चालतं. फेब्रुवारी संपता संपता लॅम्बिंग, म्हणजे मेंढ्यांची वीण, सुरू झालं की शेतकरी घरातली माणसं गायब, कधी कुठं दिसलीच तर उभ्या उभ्या झोपलेली. त्या दिवसांत कार्यक्रम ठेवायचा नाही, ठेवला तर रॅफलचं पहिलं बक्षीस 'आठ तास झोप' ठेवा असं एकदा एकजण म्हणाला होता. शरद आला की मेंढ्यांचे मोठे बाजार. लिलाव पुकारणारा इतक्या वेगात बोलतो की मला सुरुवातीला वाटलं हेच वेल्श असणार. बोली लावणारे आजोबा काहीच करत नाहीत, टोपी, काठी, आणि भुवई. भुवई हलली की चाळीस मेंढ्या. मी तिथं नाक खाजवायलाही घाबरते.

आणि ऑगस्टमधला शो. त्यात भाज्या, फुलं, केक, जॅम, सगळ्याच्या स्पर्धा. सारखे तीन कांदे, देठ सुतळीने बांधून. व्हिक्टोरिया स्पंज केकला मधे फक्त रासबेरी जॅम, क्रीम नाही, वर जाळीचे वळ उमटले तर गुण गेले. मी एका वर्षी धीर करून चटणीत नाव घातलं. इथं चटणी म्हणजे सफरचंद, कांदा, व्हिनेगर, साखर शिजवून महिनोन्महिने बरणीत मुरवलेला प्रकार. मी केली कैरीची, गूळ-मेथी-लाल तिखट घालून, आदल्या रात्री. दुसऱ्या दिवशी तंबूत गेले तर माझ्या बरणीशेजारी परीक्षकांचं कार्ड, सुबक अक्षरात: चव फार पुढं येते, मुरायला वेळ द्यावा. बरणी मात्र निम्मी रिकामी! एका चमच्यात कशी होईल निम्मी? त्या कार्डाचा मला राग आला होता, पण ती बरणी बघून गेला. मग संध्याकाळी टोपीवाले आजोबा हळूच येऊन विचारून गेले, ती तिखट बरणी पुढच्या रॅफलला देणार का? दिली. वाइनच्या आधी गेली ती. हे मी निपाणीला फोन करून चार जणांना सांगितलं, पाचवी आई, तिला आधीच कळलेलं होतं.

हो, आणि चालणारे लोक. १९७१ मध्ये त्या ऑफाच्या बांधाला धरून जाणारी पायवाट अधिकृत झाली, जवळजवळ २८५ किलोमीटर, दक्षिणेला सेव्हर्न नदीच्या मुखापासून उत्तरेच्या समुद्रापर्यंत. तिचं उद्घाटन आमच्याच गावात झालं, आणि ते केलं जॉन हंट यांनी, म्हणजे १९५३ च्या एव्हरेस्ट मोहिमेचे नेते, हिलरी-तेनसिंग ज्यांच्या तुकडीतले. मला हे कळलं तेव्हा मी नॅरोज चढत होते आणि मला वाटलं, बरोबर आहे, माणूस योग्य निवडला. तर हे चालणारे, पाठीवर बोजा, बुटांना चिखल, कॉफी मॉर्निंगची पाटी बघून आत येतात, केक खातात, आणि टेबलावरच्या आजी त्यांच्याकडे अशा काही बघतात की बिचारे एक पट्टी घेतातच. मग बूट बांधून उत्तर टोकाच्या प्रेस्टाटिनच्या दिशेने चालू पडतात. दुपारी सोडत निघते, निळा बावीस, निळा बावीस आहे का कुणाकडे, आणि निळा बावीस तोवर कुठल्यातरी टेकडीवर सँडविच खात असतो.

मी घरून हिशेबाचं काम करते हे गावात कळायला दोन वर्षं लागली, आणि कळल्यावर दोन दिवसांत हॉलच्या कमिटीतल्या बाई दारात उभ्या. तुला आकडे येतात ना? हो म्हटलं. मग शनिवारची रॅफल तू घे. त्या असं म्हणाल्या जसं काही फार नाही, पण मी ओळखलं. मुंबईत कुणी घर घेतलं तर सोसायटीत सहा महिन्यांत सेक्रेटरी करून टाकतात, इथं आइस्क्रीमचा डबा हातात द्यायला दोन वर्षं बघतात. रोटाच्या, म्हणजे कामाच्या पाळ्यांच्या, कागदावर हॉलच्या भिंतीला माझं नाव लागलं, स्पेलिंग चुकलेलं. मी ते दुरुस्त केलं नाही. आता तेच चालतं, पोस्टातल्या बाईसुद्धा तसंच लिहितात.

तेव्हापासून ऐनवेळी उभी मीच असते, डब्यात हात घालून. आवाज खणखणीत लागतो, तो आमच्याकडे जन्मजात. मागं उभे राहणारे उंच शेतकरी, खिशातून चष्मा काढून तिकिटं लांब धरणारे, ज्यांना ऐकू येत नाही त्यांच्या बायका, आकडा पुकारल्यावर 'अरे एकाने हुकलं' म्हणून होणारा तो सामुदायिक सुस्कारा. माझं स्वतःचं तिकीट मी घेते, पैसे तर द्यायचेच असतात, पण बघत नाही. रॅफल घेणारीलाच बक्षीस लागलं तर बरं दिसत नाही, लागलं तरी 'परत काढा' म्हणायचं.

गेल्या मार्चमधल्या कॉफी मॉर्निंगला टेबलावर शेवटी एकच वस्तू उरली होती. जांभळी रिबीन. मी तिकीट काढलं, गुलाबी, एकशे सत्तेचाळीस. कुणी नाही. परत पुकारलं, गुलाबी, एकशे सत्तेचाळीस, बाहेर पोर्चमध्ये सिगारेट ओढणाऱ्यांनाही विचारून आलो, कुणी नाही. चालणाऱ्यांपैकी कुणीतरी असेल, असं सगळ्यांचं एकमत झालं. परत काढलं, हिरवा नऊ, तो निघाला टोपीवाल्या आजोबांचा. ते आले, बाटली हातात घेतली, बुडाचं लेबल बघितलं, माझ्याकडे बघितलं, भुवई जरा हलली, आणि कोटाच्या आत सारून निघून गेले.

तर परवाच्या त्या एकवीस तिकिटांत, लगदा न झालेलं, चांगलं कोरं करकरीत. नवरा विचारत होता काय गं, काय बघतेस? काही नाही म्हटलं, आणि ते बडीशेपेच्या पुडीत घालून ठेवलं.